घरात लॅपटॉप आहे, मग टॅब घ्यायचा का? आधी हा हिशोब करून बघा

जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. एक खोली, पोटमाळा आणि चार माणसं. मोठी मुलगी सीप्झमधल्या ऑफिसात जाते आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते. धाकटा नुकताच अकरावी सायन्सला गेलाय. घरात एकच लॅपटॉप आहे, पाच वर्षांचा.

धाकट्याची मागणी आहे टॅब. त्याचं म्हणणं, "क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये येतात, मोबाईलवर वाचून डोळे जातात." वडिलांचं म्हणणं, "लॅपटॉप आहे की घरात." ताई म्हणते, "लॅपटॉप माझा आहे." आईने बाजूला ठेवलेले पंचवीस हजार आहेत, आणि त्यात पावसाळ्याआधी पत्र्याचं कामही करायचंय.

हे घर आपण समजून चालण्यासाठी घेतलं, पण वाद खरा आहे. तुमच्याही घरात तो झाला असेल, नाहीतर सेल लागला की होईल. गंमत म्हणजे या वादात प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे. म्हणून "टॅब चांगला की वाईट" हा प्रश्न सोडून देऊ आणि "लॅपटॉप असताना टॅब नेमकं कोणतं काम करणार" हे बघू.

टॅब नेमकी कशाची जागा घेतो?

दुकानात टॅब दाखवताना त्याला कीबोर्ड लावून दाखवतात. त्यामुळे आपल्याला वाटतं की हा छोटा लॅपटॉपच आहे. तिथेच हिशोब चुकतो. टॅबची खरी स्पर्धा वही, पुस्तक आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्याशी आहे.

हे पटवायला एक पट्टी पुरेशी आहे.

आपल्याकडे नोट्स, प्रश्नपत्रिका, सरकारी जीआर असं सगळं बहुतेक ए-फोर आकारात येतं. हे पान २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर उंच असतं.

आता ते मोबाईलवर उघडा. ६.७ इंची मोबाईलचा स्क्रीन जेमतेम ७ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे पान एक तृतीयांश झालं आणि १२ पॉइंटची अक्षरं ४ पॉइंटची झाली. मग दोन बोटांनी मोठं करायचं, डावीकडे सरकवायचं, उजवीकडे सरकवायचं. धाकटा खोटं बोलत नाहीये.

११ इंची टॅब उभा धरला तर रुंदी साधारण १४.८ सेंटीमीटर मिळते. ही बरोबर ए-फाइव्ह कागदाची, म्हणजे अर्ध्या ए-फोरची रुंदी. तीच १२ पॉइंटची अक्षरं इथे साडेआठ पॉइंटची दिसतात, आणि अख्खं पान एका नजरेत येतं. मराठी कादंबरीच्या पुस्तकाइतकी सोय झाली.

आणि लॅपटॉप? १५.६ इंची लॅपटॉप दिसायला मोठा, पण तो आडवा. त्याच्या स्क्रीनची उंची साडेएकोणीस सेंटीमीटरच्या आत असते, त्यातही वरची-खालची पट्टी जागा खाते. अख्खं पान त्यात बसवायचं तर ते टॅबवर दिसतं त्याहून लहान होतं. मोठं करता येतं, पण मग पान तुकड्या-तुकड्यांत खाली सरकवत वाचावं लागतं. भौतिकशास्त्राची आकृती वर आणि तिचं स्पष्टीकरण खाली असेल तर हे किती वैतागवाणं आहे ते विचारा कोणत्याही विद्यार्थ्याला.

त्यामुळे पानं वाचणं, पानावर हाताने खुणा करणं, गणितं सोडवणं, चित्र काढणं ही टॅबची कामं. टाइप करणं, हिशोब मांडणं, प्रोग्रॅम लिहिणं, चार खिडक्या उघडून काम करणं ही लॅपटॉपची.

जेव्हीएलआरच्या दुसऱ्या टोकाला झालेला प्रयोग

जोगेश्वरीहून विक्रोळी लिंक रोड धरला की पवईत आयआयटी मुंबई लागते. स्वस्त टॅबचा देशातला सगळ्यात गाजलेला प्रयोग काही काळ इथूनच चालला.

५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' नावाचा टॅब जाहीर झाला. सात इंची स्क्रीन, सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. जगभर बातम्या झाल्या. पण वापरणाऱ्यांचा हिरमोड झाला, कारण आत २५६ एमबी रॅम होती आणि स्क्रीन असा की बोट दाबून धरावं लागायचं. नंतर प्रकल्पाची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली, प्रा. दीपक फाटक यांनी त्याचं नेतृत्व केलं. सुधारलेला 'आकाश-२' ११ नोव्हेंबर २०१२ ला तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आला. त्यात दुप्पट रॅम होती, स्क्रीन चांगला होता.

आज हा टॅब कुणाच्या घरात दिसत नाही. पण त्यातून एक धडा मिळाला: टॅब स्वस्त असून भागत नाही, त्यावर करायचं काम आधी ठरलेलं असावं लागतं आणि ते काम त्या यंत्राला झेपावं लागतं.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब द्यायला सुरुवात केली, तेव्हा ठरवलेलं काम एकच होतं: दप्तराचं ओझं कमी करणं. त्यासाठी अभ्यासक्रम टॅबमध्ये आधीच भरून दिला होता. इथेही टॅबला पुस्तकाचीच जागा दिली होती, संगणकाची नाही.

टॅबवर जी कामं अडतात

आता दुसरी बाजू. "टॅब घेतला की लॅपटॉपची गरजच उरणार नाही" असं कुणी म्हणालं तर ही यादी पुढे ठेवा.

टॅली: दुकानाचे किंवा सोसायटीचे हिशोब टॅलीत घालायचे तर विंडोजचा संगणक लागतो.

मराठी टायपिंगची परीक्षा: महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा संगणकावर होते. तिचा सराव टॅबच्या काचेवर होत नाही, बोटांना खरा कीबोर्डच लागतो.

जुने मराठी फॉन्ट: ताई-दादांपैकी कुणी छपाईच्या किंवा डीटीपीच्या कामात असेल तर श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर विंडोजवरच चालवावी लागतात. साधं युनिकोड मराठी मात्र टॅबवर छान लिहिता येतं. बोलून किंवा बोटाने गिरवूनही.

ऑटोकॅड आणि प्रोग्रॅमिंग: डिप्लोमा-इंजिनिअरिंगला गेलात की लॅपटॉप लागणारच. टॅबवर थोडंफार जमतं, पण सबमिशनच्या आदल्या रात्री 'थोडंफार' कामाला येत नाही.

प्रवेश परीक्षा: एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या केंद्रावरच्या संगणकावर होतात, माउस हातात घेऊन. म्हणून नोट्स टॅबवर वाचल्या तरी सराव परीक्षा लॅपटॉपवर माउस घेऊनच द्या. परीक्षेच्या दिवशी माउसची सवय नसणं परवडत नाही.

थोडक्यात, टॅब हा लॅपटॉपच्या सोबतीला येतो. त्याची जागा घ्यायला आणलात तर दोन वर्षांत पुन्हा लॅपटॉप घ्यावा लागेल.

घरातली माणसं मोजा

टॅब-लॅपटॉपची तुलना करणारे व्हिडिओ बहुतेक एकट्या माणसासाठी असतात. त्याच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी टॅब, मागे रोपटं. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुद्दा वेगळा असतो. इथे दुसरा स्क्रीन आला की दुसऱ्या माणसाची सोय होते.

ताईची मीटिंग चालू असताना धाकट्याचं लेक्चर असेल तर एक लॅपटॉप कितीही भारी असला तरी तो एकालाच पुरतो. अभ्यासिकेत जायचं तरी लॅपटॉपला जागा लागते, प्लग लागतो. टॅब साधारण अर्ध्या किलोचा, वहीसारखा मांडीवर बसतो आणि वाचनासाठी एका चार्जिंगवर दिवस काढतो.

ताईलाही त्याचा उपयोग आहे. टॅब लॅपटॉपचा दुसरा स्क्रीन म्हणून लावता येतो. मॅक आणि आयपॅड असेल तर 'साइडकार' ही सोय आतच आहे. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबमध्ये 'सेकंड स्क्रीन' आहे. बाकी अँड्रॉइड टॅब आणि विंडोज लॅपटॉपसाठी 'स्पेसडेस्क'सारखी ॲप मिळतात. एका बाजूला एक्सेल, दुसऱ्या बाजूला मेल. आणि आजीला रोजचा ई-पेपर मोठ्या अक्षरात.

पण इथेच सावध व्हा. जी वस्तू सगळ्यांची असते तिच्यावर हक्क सांगायला रोज भांडण होतं. घेण्याआधीच ठरवा: संध्याकाळी सात ते दहा टॅब कुणाकडे? अँड्रॉइड टॅबवर प्रत्येकाचं वेगळं खातं बऱ्याचदा करता येतं. आयपॅडवर घरच्या वापरासाठी अशी वेगवेगळी खाती नाहीत, सगळ्यांना एकच स्क्रीन दिसतो.

प्रवासाचंही बोलू. जोगेश्वरीला बहुतेक स्लो लोकलच थांबते, आणि सकाळी चर्चगेटच्या गाडीत टॅब उघडायला कोपर हलवण्याइतकी जागा मिळाली तर नशीब. दारात उभं राहून तर टॅब काढूच नका, फटका मारून मोबाईल पाडणारे त्याच दाराची वाट बघत असतात. मेट्रोत बसायला जागा मिळाली तर गोष्ट वेगळी. पण "प्रवासात वाचेन" हे एकमेव कारण असेल तर आधी आठवडाभर मोजा, बसायला जागा किती दिवस मिळते ते.

बॉक्सवरची किंमत आणि खरी किंमत

टॅबच्या जाहिरातीतला आकडा ही सुरुवात असते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडचं उदाहरण घ्या. भारतातली जाहीर किंमत ३४,९०० रुपये. त्यावर लिहायला कंपनीची यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० ची. टाइप करायला कंपनीचाच कीबोर्ड २४,९०० चा. बेरीज ६७,७०० रुपये. एवढ्यात एक चांगला लॅपटॉप येतो.

याचा अर्थ आयपॅड वाईट असा नाही. कीबोर्ड लागतोय म्हणजे तुम्ही लॅपटॉपचं काम टॅबवर ढकलताय, आणि लॅपटॉप तर घरात आहे. म्हणून हिशोब टॅब, पेन, कव्हर आणि काच एवढाच धरा. कीबोर्डवर काट मारा.

आता रोजचा खर्च काढू. सगळं धरून २५,००० रुपये गेले आणि टॅब चार वर्षं चालला, तर वर्षाला ६,२५० आणि दिवसाला सतरा रुपये पडतात. रोज दोन तास अभ्यास होत असेल तर हा खर्च जड नाही. आठवड्यातून एकदा सिनेमा बघायला वापरला तर त्या एका सिनेमाचे सव्वाशेच्या आसपास झाले.

झेरॉक्सशीही तुलना करा. पानाला २ रुपये धरले तर २५,००० रुपयांत साडेबारा हजार पानं होतात. धाकट्याला दोन वर्षांत दोन हजार पानंच लागणार असतील तर चार हजारांत काम झालं, आणि कागदावर पेन चालवण्याची सवयही राहिली. ज्याच्या नोट्स, व्हिडिओ आणि सराव सगळंच डिजिटल आहे त्याचा हिशोब वेगळा येईल.

एक दार आधी ठोठावा. राज्य सरकारची 'महाज्योती' ही संस्था दहावीनंतर सायन्सला गेलेल्या ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रिमीलेअर गटातल्या विद्यार्थ्यांना सीईटी-जेईई-नीटच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा देत आली आहे. त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज मागवतात. घरातलं मूल या गटात बसत असेल तर दुकानात जाण्याआधी त्या वर्षीची जाहिरात बघा.

टॅबच्या आधी लॅपटॉप तपासा

बऱ्याच घरांत टॅबची मागणी येते त्याचं खरं कारण लॅपटॉप रडतखडत चालतो हे असतं. उघडायला पाच मिनिटं, मग पंख्याचा आवाज, मग हँग.

अशा वेळी टॅब घेणं म्हणजे नळ गळतोय म्हणून नवी बादली आणणं. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवली की चालणाऱ्या यंत्रात जीव येतो. रॅम ४ जीबी असेल आणि वाढवायची सोय असेल तर ८ करा. लॅमिंग्टन रोडला किंवा जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे दोन्हीचा भाव विचारून या.

आणखी एक. विंडोज १० साठीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे लॅपटॉप चालतो, पण नेहमीचे सुरक्षेचे अपडेट थांबले. त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत असतील तर विंडोज ११ चढतं का हे तपासणं हे टॅबपेक्षा आधीचं काम आहे.

घ्यायचाच ठरला तर काय बघायचं?

पेन: टॅबसाठी बनवलेलं, दाब ओळखणारं पेन चालतं का ते विचारा. रबरी टोकाची शे-दीडशेची काडी म्हणजे नुसतं बोट, तिने अक्षर सुधारत नाही. दुकानात तळहात काचेवर टेकवून दोन ओळी लिहून बघा. तळहाताचे फराटे उमटले तर तो टॅब अभ्यासाला नको.

रॅम आणि जागा: अभ्यासासाठी ६ ते ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी जागा धरा. लेक्चरचे व्हिडिओ उतरवून ठेवले की ६४ जीबी कधी भरतात कळत नाही.

अपडेट: हे मॉडेल कधी आलं आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे कंपनीच्या साइटवर बघा. सेलमधल्या मोठ्या सवलतीमागे बऱ्याचदा तीन वर्षं जुनं मॉडेल असतं.

वाइडवाइन एल-वन: अँड्रॉइड टॅबला हे नसेल तर ओटीटीवरची चित्रं धुरकट दिसतात, स्क्रीन कितीही भारी असू दे.

सिम की फक्त वायफाय: मोबाईलचा हॉटस्पॉट लावता येत असेल तर वायफायचा पुरतो आणि स्वस्त पडतो. पण हेही लक्षात ठेवा: सिमच्या टॅबला मोबाईलसारखा आयएमईआय नंबर असतो, हरवला तर 'संचार साथी' पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो. फक्त वायफायच्या टॅबला हा नंबरच नसतो.

बिल: पक्कं जीएसटी बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. टॅब आणि लॅपटॉप दोन्हींवर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलात मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले, टॅबचा दर होता तिथेच राहिला. त्यामुळे "जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त" असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जा. बॉक्सवर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.

सात दिवसांची वही

शेवटी फुकटातली परीक्षा. एक वही घ्या. सात दिवस, जेव्हा जेव्हा वाटेल की "आत्ता टॅब असता तर", तेव्हा एक ओळ लिहा: वेळ काय, काम काय, आणि ते लॅपटॉपवर का झालं नाही.

सात दिवसांनी ओळी वाचा. "लॅपटॉप ताईकडे होता", "पान दिसत नव्हतं", "आकृतीवर खुणा करायच्या होत्या" अशा ओळी चार-पाच दिवस येत असतील तर टॅब घ्या, तो पैसे वसूल करेल. "लॅपटॉप हँग झाला" असं जास्त असेल तर आधी एसएसडी. "झोपून मॅच बघायची होती" असंच असेल तर तेही चालेल, पण मग त्याला अभ्यासाचा खर्च म्हणू नका. आणि वही कोरीच राहिली असेल तर उत्तर मिळालंच.

मेघवाडीच्या त्या घरात काय व्हावं? आमचा हिशोब असा: आधी लॅपटॉपला एसएसडी. मग महाज्योतीत बसतो का ते बघायचं. नसेल बसत आणि वहीत ओळी भरल्या असतील तर ११ इंची, पेन चालणारा, फक्त वायफायचा टॅब घ्यायचा, कीबोर्डशिवाय. संध्याकाळी सात ते दहा तो धाकट्याचा, हे भिंतीवर लिहून.

पत्र्याचं काम मात्र त्याआधी. पाऊस काही सेलची वाट बघत नाही, आणि गळक्या छताखाली टॅब कुणाचाच टिकत नाही.